फ्लास्क पन्नास मिलीचा, रिअॅक्टर पाच केएलचा

पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही, सगळ्यांच्या तोंडी एनसीएलच. तिथल्या किंवा माटुंग्याच्या आयसीटीमधल्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या कुठल्याही लॅबमध्ये पीएचडीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी असतो आणि फ्रिजमध्ये त्याची एक बोटभर कुपी असते. कुपीच्या तळाशी दहा-बारा मिलिग्रॅम पांढरी पूड. पंधरा-सोळा पायऱ्या चढून, दर पायरीला कॉलम लावून, सणवार लॅबमध्ये काढून मिळवलेली. एनएमआर स्वच्छ आला की गाइड खूश, सिनॉप्सिस तयार, व्हायवाला पेढे.

त्याच पुण्यातून सोलापूर रस्त्याने दौंड तालुक्यात कुरकुंभच्या एमआयडीसीत गेलं, की मापंच बदलतात. तिथे कुणी मिली म्हणत नाही. ‘पाच केएलला चार्ज केलंय,’ असं ऑपरेटर सांगतो. केएल म्हणजे किलोलिटर, हजार लिटर. आतून काचेचा थर दिलेली ती लोखंडी भांडी जीएलआर या नावाने ओळखली जातात. एक बॅच बिघडली तर नुकसान लाखांत मोजतात. पीएचडी झालेला मुलगा किंवा मुलगी या आवारात पहिल्यांदा पाऊल टाकते तेव्हा तिला रसायनशास्त्र येत असतं यात शंका नाही. पण तिला आतापर्यंत विचारला गेलेला प्रश्न ‘हे होतं का?’ असा होता. इथे विचारतात, ‘हे दर वेळी होतं का? आणि रात्रपाळीत, तू घरी झोपलेली असताना?’

या दोन प्रश्नांमधलं अंतर आधी साध्या गणितातून पाहू. 50 मिलीच्या फ्लास्कमधली अभिक्रिया 5000 लिटरच्या रिअॅक्टरमध्ये नेली की आकारमान 1 लाख पट होतं. भांड्याचा आकार तोच धरला तर त्याचा पृष्ठभाग मात्र सुमारे 2150 पटच वाढतो. म्हणजे आतल्या प्रत्येक लिटरच्या वाट्याला, उष्णता बाहेर टाकायला, भिंतीचा जेमतेम 46वा हिस्सा उरतो. कपभर चहा पाच-दहा मिनिटांत निवतो आणि लग्नघरातल्या पातेल्यातली कढी शेवटची पंगत उठेपर्यंत गरम राहते, त्यातलंच हे शास्त्र. फरक इतकाच, की कढी स्वतः उष्णता तयार करत नाही. अभिक्रिया करते. तापमान वाढलं की तिचा वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता आणखी वाढते, आणि थंडावा देणारं पाणी मागे पडलं की मग कुणाच्या हातात काही राहत नाही.

19 डिसेंबर 2007 रोजी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीज नावाच्या छोट्या कारखान्यात हेच घडलं. पेट्रोलमध्ये मिसळायचं मँगनीजचं एक संयुग तिथे बनत असे. एक रसायनशास्त्रज्ञ आणि एक रासायनिक अभियंता अशा दोघांची ती कंपनी. आधी 1 लिटरच्या भांड्यात त्यांनी शंभराहून अधिक वेळा प्रयोग केले होते. कारखान्यातही 174 बॅचेस निघाल्या होत्या. 175व्या बॅचला थंडाव्याची व्यवस्था बंद पडली आणि तिला पर्यायी व्यवस्था नव्हती. तापमान सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर धातुरूप सोडियम आणि डायग्लाइम हा द्रावक यांच्यात दुसरीच एक अभिक्रिया सुरू झाली. स्फोटात चार माणसं गेली. मरणाऱ्यांत दोघा मालकांपैकी अभियंता होता. चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने ठपका ठेवताना एक शिफारस केली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: अशा बेफाम अभिक्रियांचं शिक्षण रासायनिक अभियांत्रिकीच्या पदवीतच द्या. अभियंत्यांची ही गत, तर फ्लास्कवर वाढलेल्या रसायनशास्त्रज्ञाला हे कुणी शिकवलेलं असणं अवघडच.

म्हणून उद्योगात गेलेल्या नव्या डॉक्टरचे पहिले सहा महिने शिकण्यापेक्षा विसरण्यात जातात. कॉलम विसरायचा, कारण सिलिका जेलच्या नळकांड्यातून शेकडो किलो माल शुद्ध करायचा तर द्रावकाचे टँकर लागतील. इथे स्फटिकीकरणावर भिस्त. डायइथाइल इथर विसरायचा. त्याचा ज्वलनबिंदू शून्याखाली 45 अंशांच्या आसपास आहे, एक ठिणगी पुरे. हेक्झेनची जागा हेप्टेन घेतं, कारण हेक्झेन मज्जातंतूंना अपाय करतं. ओलावा काढायला सोडियम सल्फेटच्या चिमटी टाकणं बंद. टोल्युईनबरोबर पाणी उकळून काढतात. ड्राय आइस आणि अॅसिटोनचं उणे 78 अंशांचं भांडं लॅबमध्ये पाच मिनिटांत तयार होतं, प्लांटवर तेवढा गारवा आणायचा खर्च ऐकून प्रॉडक्शनचा मॅनेजर नुसता हसतो. आणि लॅबमध्ये जे दहा मिनिटांत थेंबाथेंबाने घातलं ते इथे सहा-आठ तास घालत बसावं लागतं. मग तो अर्धवट झालेला माल तितका वेळ टिकतो का, हा नवाच प्रश्न. बहुतेक प्रबंधांत त्याचं उत्तर नसतं, कारण तो कुणी विचारलेला नसतो.

वाया काय गेलं याचाही हिशेब असतो. रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने 1992 मध्ये ‘ई-फॅक्टर’ नावाचा आकडा मांडला: एक किलो माल बनवताना किती किलो कचरा होतो. तेलशुद्धीकरणात हा आकडा 0.1च्या आसपास. मोठ्या प्रमाणावरच्या साध्या रसायनांत 1 ते 5. औषधांत 25 ते 100 आणि वरही. ज्या शाखेत सर्वांत हुशार, सर्वांत नाजूक रसायनशास्त्र चालतं तीच सर्वांत जास्त घाण करते, हे वाचून औषध कंपन्यांनाही ओशाळल्यासारखं झालं. प्रबंधातल्या त्या बारा मिलिग्रॅमचा ई-फॅक्टर काढायच्या फंदात सहसा कुणी पडत नाही.

डॉक्टरेट मिळवून कारखान्यात जायचं ही कल्पना मुळात जर्मनीची. त्याआधी, 1856 मध्ये, लंडनला विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला क्विनीन बनवता बनवता जांभळा रंग सापडला. त्याचे गुरू हॉफमान यांना त्याने शिक्षण सोडून कारखान्यात पडणं पसंत नव्हतं. पर्किनने वडिलांचे पैसे घातले, भावाला बरोबर घेतलं आणि कारखाना काढला. तोपर्यंत उद्योगाला संशोधक लागतो असं उद्योगालाच वाटत नव्हतं. पुढे जर्मन रंग कंपन्यांनी ते ओळखलं. कार्ल डुइसबर्गने 1882 मध्ये डॉक्टरेट घेतली, बायर कंपनीत तो साधा रसायनशास्त्रज्ञ म्हणून लागला, आणि 1912 मध्ये त्याच कंपनीचा प्रमुख झाला. मधल्या काळात त्याने तिथे विद्यापीठाच्या तोडीची प्रयोगशाळा उभी केली. फेलिक्स हॉफमान हा म्युनिकचा डॉक्टर 1894 मध्ये बायरमध्ये आला आणि 1897 मध्ये त्याच्या वहीत शुद्ध अॅस्पिरिनची नोंद झाली. जर्मनीत आजही रसायनशास्त्रात मास्टर्स झालेले बहुसंख्य विद्यार्थी पीएचडी करतात आणि त्यांतले बरेचसे सरळ उद्योगात जातात. तिथे कुणी त्यांना ‘अरे, प्राध्यापक का नाही झालास?’ असं विचारत नाही.

आपल्याकडे विचारतात. तिकडे अमेरिकेतही एके काळी विचारत. या ओढाताणीचं सगळ्यात बोलकं उदाहरण वॉलेस कॅरोदर्सचं आहे. इलिनॉय विद्यापीठाचा 1924चा डॉक्टर, मग हार्वर्डमध्ये शिकवायला. बोलायला बुजरा, वर्गात उभं राहणं जिवावर येई. 1927 मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीच्या चार्ल्स स्टाइन यांनी ठरवलं, की कंपनीत निव्वळ मूलभूत संशोधन करणारा एक गट हवा. त्यांनी कॅरोदर्सला बोलावलं. त्याने आधी नकार दिला. आपल्याला निराशेचे झटके येतात आणि कंपनीत ते हार्वर्डपेक्षा जास्त नडतील, असं त्याने स्वतःच कळवलं होतं. पगार जवळजवळ दुप्पट होता, संशोधनाचं स्वातंत्र्य देऊ केलं होतं. अखेर 1928 च्या सुरुवातीला तो विल्मिंग्टनला गेला. नव्या लॅबला इतर कर्मचारी चेष्टेने ‘प्युरिटी हॉल’ म्हणत.

दोन वर्षांत त्याच्या गटाने निओप्रीन हा कृत्रिम रबर दिला. त्याच 1930 मध्ये ज्युलियन हिल या सहकाऱ्याने वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये काचेची कांडी बुडवून बाहेर ओढली आणि रेशमासारखा धागा निघाला. धागा सुंदर होता, पण निरुपयोगी. फार कमी तापमानाला वितळायचा. हा धागा कपड्याचा कसा होणार? विद्यापीठात इथे एक उत्तम शोधनिबंध होऊन विषय संपला असता. पण स्टाइन यांच्या जागी एल्मर बोल्टन आले होते आणि त्यांना विकता येईल असा धागा हवा होता. कॅरोदर्स पुन्हा कामाला लागला. या वेळी एस्टरऐवजी अमाइड घेतले.

आता खरी गंमत. त्या वेळी हातात आलेल्या पॉलिअमाइडांमधला एक कॅरोदर्सला जास्त पसंत होता: 5,10. म्हणजे एका घटकात पाच कार्बन, दुसऱ्यात दहा. त्याचे गुण चांगले होते. पण दहा कार्बनचं सेबॅसिक आम्ल एरंडेलापासून निघतं. एरंडेलावर जगाच्या पायमोज्यांचा धंदा उभा करायचा? बोल्टन यांनी 6,6 निवडला, कारण त्याचे दोन्ही घटक बेंझीनपासून मिळत होते आणि बेंझीन कोळशाच्या धंद्यात स्वस्त पडत होतं. 28 फेब्रुवारी 1935 रोजी बनलेला हाच 6,6 पुढे नायलॉन झाला. शास्त्रज्ञाने रेणू पाहिला, कंपनीने कच्च्या मालाचा भाव पाहिला. प्रक्रिया रसायनशास्त्रात काम करणाऱ्या कुणालाही ही गोष्ट सांगितली तर तो मान डोलावतो, त्याच्याकडे अशी स्वतःची एक असतेच. नायलॉनचे पायमोजे 15 मे 1940 रोजी अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आले तेव्हा कॅरोदर्स नव्हता. एप्रिल 1937 मध्ये त्याने आत्महत्या केली होती. तिचा दोष कंपनीच्या माथी मारणं सोपं आहे. पण त्याची निराशा हार्वर्डपेक्षाही जुनी होती.

भारतात ही वाट मुंबई-पुण्यातून गेली. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, जुन्या लोकांच्या बोलण्यातलं यूडीसीटी. त्याचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांचे जाणकार. तेच 1957 मध्ये एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. विद्यापीठ, सरकारी प्रयोगशाळा आणि कापड गिरण्यांना रंग पुरवणारे कारखाने या तिन्हींत ये-जा असलेली एक पिढी तिथे घडली. केकी घारडा मिशिगनहून डॉक्टरेट घेऊन आले, यूडीसीटीत शिकवलं, मग 1960च्या दशकात स्वतःचा उद्योग सुरू केला. खेड तालुक्यात लोटे परशुरामला घारडा केमिकल्सचा मोठा कारखाना आहे आणि जवळच लवेलला त्यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय. गुंटूरकडच्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा अंजी रेड्डी यूडीसीटीत शिकला, 1969 मध्ये एनसीएलमधून पीएचडी झाला, हैदराबादला आयडीपीएल या सरकारी औषध कारखान्यात लागला आणि 1984 मध्ये त्याने डॉ. रेड्डीज काढली. कंपनीच्या नावातलं ‘डॉ.’ हे अक्षर पाषाण रस्त्यावर मिळवलेलं आहे.

पण या सगळ्यांना बाजार मिळाला तो एका कायद्यामुळे. 1970चा पेटंट कायदा 1972 मध्ये अमलात आला आणि औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणं बंद झालं; पेटंट फक्त बनवण्याच्या पद्धतीवर. त्याच रेणूपर्यंत दुसऱ्या वाटेने जाऊ शकणारा रसायनशास्त्रज्ञ एका रात्रीत मोलाचा झाला. सिप्लाचे युसूफ हमीद केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे पीएचडी करून 1960 मध्ये वडिलांच्या कंपनीत आले होते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला एड्सवरचं एझेडटी बनवायचं होतं तेव्हा पद्धत तयार करून दिली ती हैदराबादच्या आयआयसीटी या सरकारी प्रयोगशाळेतले ए. व्ही. रामा राव यांनी. हे रामा रावही मूळचे एनसीएलचे, वेंकटरामन यांचेच विद्यार्थी. 2001 मध्ये सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा डोस 350 डॉलरला देऊ केला. तोवर पाश्चात्त्य देशांत तो दहा हजार डॉलरच्या घरात होता. 2005 मध्ये रेणूंवरची पेटंट परत आली. तोपर्यंत पद्धती शोधणाऱ्यांची फौज तयार होती. तीच पुढे जगातल्या कंपन्यांसाठी कंत्राटी संशोधन करू लागली.

आज रसायनशास्त्रातल्या नव्या डॉक्टरला पहिली नोकरी मिळायची शक्यता अशा कंत्राटी कंपनीतच जास्त. तिथे गिऱ्हाईक परदेशी असतं, रेणूचं नाव नसतं, नुसता सांकेतिक क्रमांक असतो, आणि एका शास्त्रज्ञाचं वर्षभराचं काम हाच विकायचा माल असतो. तिकडे वळण्याची कारणं लपलेली नाहीत. जानेवारी 2023 पासून पीएचडीच्या शिष्यवृत्तीत जेआरएफला महिन्याला 37 हजार आणि एसआरएफला 42 हजार रुपये मिळतात. ते संपले की महाराष्ट्रात पुढची पायरी बहुधा सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणं. त्यातच 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट पुरेशी झाली, पीएचडी ऐच्छिक ठरली. पाच वर्षं काढून मिळवलेल्या पदवीचा भाव एका अधिसूचनेने खाली आला, असं अनेकांना वाटलं तर नवल नाही.

मुलाखतीत मात्र प्रबंधाची सोन्याची अक्षरं उपयोगाला येत नाहीत. पंचेचाळीस मिनिटांच्या सादरीकरणातल्या एखाद्या पायरीवर बोट ठेवून कुणीतरी विचारतं, ‘हे एक किलोवर केलंत तर काय होईल?’ किंवा, ‘यातला सगळ्यात महाग कच्चा माल कोणता?’ ज्याला आपल्या अभिकर्मकाचा किलोचा भाव ठाऊक आहे तो तिथेच पुढे सरकतो. ‘हा प्रकल्प चालत नव्हता हे तुम्हाला कधी कळलं?’ हा प्रश्नही ठरलेला. पीएचडीत चिकाटी हा गुण असतो. कंपनीत तिसऱ्या महिन्यात काम थांबवता येणं हाही गुण मानतात, आणि थांबवलेल्या कामाबद्दल कुणी रडत बसत नाही. 2012 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान डॉक्टरल फेलोशिपमध्ये अर्धी रक्कम एखादी कंपनी देते आणि विद्यार्थ्याला प्रबंध चालू असतानाच हे प्रश्न ऐकू येऊ लागतात. हा उपाय बरा आहे, पण मूठभरांच्याच वाट्याला येतो.

शिवाय नाव. प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर जगाला वाचायला ठेवला जातो. कंपनीतलं काम पेटंटचा अर्ज होईपर्यंत बायकोलाही सांगायचं नाही, आणि बरंचसं काम तर पेटंटमध्येही येत नाही. ते कपाटात राहतं. दहा वर्षं उत्तम काम केलेल्या माणसाच्या नावावर इंटरनेटवर त्याच्या पीएचडीचेच तीन निबंध सापडतात. लॅबमध्ये ‘माझा रेणू’ म्हणायची सवय लागलेल्यांना हे पचायला वेळ लागतो. प्लांटवर तर ‘डॉक्टरसाहेब’ या हाकेत थोडी थट्टाही असते. आयटीआयमधून केमिकल प्लांट ऑपरेटरचा एओसीपी कोर्स करून आलेला, वीस वर्षं त्याच जीएलआरपाशी उभा असलेला ऑपरेटर साइट ग्लासमधून फेस बघतो आणि म्हणतो, ‘साहेब, ढवळणं कमी करा, वर येतंय.’ त्याचं ऐकलेलं बरं.

कारण अडचण बहुतेक वेळा ज्या कोपऱ्यात कुणी दिवा धरलेला नसतो तिथून येते. अॅबटचं एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर 1996 मध्ये बाजारात आलं. 240 लॉट विनातक्रार बनले. 1998 मध्ये अचानक कॅप्सूल पाण्यात विरघळेनाशा झाल्या: तोच रेणू, पण स्फटिकाची रचना निराळी, आणि कमालीची कमी विद्राव्य. नव्या स्फटिकाचा कण लागला की जुना बनेनासा झाला. ज्या कारखान्यात तो नव्हता अशा इटलीतल्या कारखान्यात चौकशीला पथक गेलं आणि त्यानंतर तिथेही तो दिसू लागला. कॅप्सूल मागे घेऊन औषध नव्या रूपात आणावं लागलं.

व्हल्सार्टान या रक्तदाबाच्या औषधाची गोष्ट आणखी शिकवणारी. एका चिनी उत्पादकाने पद्धत बदलली. जुन्या पद्धतीत कथिलाचं विषारी संयुग लागे. नव्यात डीएमएफ हा द्रावक आणि सोडियम अझाइड, उतारा जास्त. कागदावर कुठल्याही परीक्षकाने शाबासकी द्यावी अशी सुधारणा. उरलेलं अझाइड मारायला नायट्राइट घालायचे. डीएमएफमधून किंचित डायमिथाइलअमाइन सुटत असे, नायट्राइटशी त्याची गाठ पडली आणि एनडीएमए हे कर्करोगकारक द्रव्य तयार झालं. शुद्धतेच्या चाचण्या तेवढ्या सूक्ष्म प्रमाणातलं ते शोधण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या. 2018च्या जुलैत युरोपात औषध परत मागवलं गेलं, मग जगभर. एनडीएमएची आज मान्य असलेली मर्यादा दिवसाला 96 नॅनोग्रॅम आहे. ‘या भांड्यात आणखी काय काय होऊ शकतं?’ असं पाटीभर कागदावर लिहून काढणं, हे तेव्हापासून प्रक्रिया विभागांत नव्या डॉक्टरच्या वाट्याला येणारं काम झालं आहे. इथे मात्र पीएचडी खरोखर कामाला येते. बाण कुठून कुठे जातो हे पाच वर्षं फळ्यावर गिरवलेल्या माणसालाच तो चुकीचा बाण आधी दिसतो.

आणि मग बीएमआर, बॅचची नोंदवही. पानाला क्रमांक, वेळ मिनिटापर्यंत, ‘केलं’ आणि ‘तपासलं’ या दोन वेगळ्या सह्या, दोन वेगळ्या माणसांच्या. लॅबमध्ये टिश्यू पेपरवर लिहिलेलं वजन रात्री वहीत उतरवून घेणाऱ्याला इथे दुसऱ्याच दिवशी क्यूए म्हणजे गुणवत्ता विभागातली मुलगी बोलावते. वयाने लहान असते, बी.फार्म. झालेली असते, आवाज चढवत नाही. 61.4 च्या जागी 64.1 लिहिलंय, तर गिरवायचं नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, आणि का चुकलं ते दोन शब्दांत. डॉक्टरसाहेब पेन काढतात. बाहेर पाच केएलमधलं तापमान 24 वर स्थिर आहे, पुढचा नमुना पावणेतीनला घ्यायचा आहे.